सायकलला काढता-घालता येणारा कॅरियर घेताना काय बघायचे?

गिअरची सायकल घेऊन कामावर जायला लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न पडतो: डबा ठेवायचा कुठे? जुन्या काळ्या सायकलीला हा प्रश्नच नव्हता. ॲटलास घ्या, हीरो घ्या, हर्क्युलिस घ्या, मागे लोखंडी कॅरियर आणि त्यावर स्प्रिंगचा चाप असायचाच. त्या चापात डबा, छत्री, रिकामे पोते, जे असेल ते बसायचे. आताच्या हायब्रीड आणि माउंटन सायकली बहुतेक वेळा बिनकॅरियरच्याच दुकानाबाहेर पडतात. मग वडगाव-शहापूरहून उद्यमबाग किंवा मच्छेपर्यंत पाठीवर सॅक घेऊन जायचे. पोहोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि डब्यातली आमटी लॅपटॉपच्या शेजारी हिंदकळत असते.

यावर उपाय म्हणून हल्ली ‘क्विक रिलीज’ नावाचे कॅरियर ऑनलाइन भरपूर विकले जातात. सीटखालच्या पाईपला एक पकड, एक खटका, दोन मिनिटांत कॅरियर चढला, दोन मिनिटांत उतरला. फोटोत दिसायला झकास. हजार-बाराशेच्या आसपास मिळतो. त्यातले काही चांगले निघतात. पण पुष्कळ लोक चुकीच्या कारणासाठी चुकीचा कॅरियर घेतात आणि महिन्याभरात तो माळ्यावर जातो. काही वेळा त्याहून वाईट होते. कॅरियर फिरून मागच्या चाकात अडकतो आणि चालत्या सायकलचे चाक जाम होते. खानापूर रोडवर मागून ट्रक येत असताना असे झाले तर काय, हे सांगायला नको. म्हणून खरेदीआधी थोडा वेळ घालवलेला बरा.

काढायचे काय, कॅरियर की बॅग?

काढता येणारा कॅरियर हवा असे म्हणणाऱ्याला खरे तर बहुतेक वेळा काढता येणारी बॅग हवी असते. ऑफिसला पोहोचल्यावर सामान आत न्यायचे असते, कॅरियर नव्हे. सायकलला चार ठिकाणी बोल्टने घट्ट बसवलेला साधा कॅरियर आणि त्याच्या बाजूला हुकने अडकणारी बॅग, ज्याला पॅनियर म्हणतात, ही जोडी घेतली तर रोजचे काम दहा सेकंदांचे होते. हँडल धरून उचलली की बॅग सुटते, खांद्याला लावली की ऑफिसची बॅग. कॅरियर बिचारा सायकलवरच राहतो आणि तो चोरायला पाना घेऊन बसायला लागते.

‘पण रविवारी जांबोटीच्या दिशेने राइडला जातो, तेव्हा वजन नको’ हे कारण हमखास ऐकायला मिळते. ॲल्युमिनियमचा साधा कॅरियर ६०० ते ९०० ग्रॅमचा असतो. म्हणजे एक लिटरच्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीपेक्षा कमी. चढावर तेवढ्याने दम लागत असेल तर दोष कॅरियरचा नाही. दिसायला बरे दिसत नाही म्हणून काढायचा असेल तर तसे सरळ म्हणावे, तेही चालते.

कॅरियर खरोखर काढावा लागतो अशी कारणे वेगळी आहेत. सायकल रोज जिन्याने वर न्यायची असेल आणि जिना अरुंद असेल. गाडीच्या डिकीत किंवा गाडीमागच्या स्टँडवर सायकल चढवायची असेल. एकच सायकल घरात दोघे वापरत असतील आणि दुसऱ्याला ती मातीच्या वाटेवर उडवायची असेल. किंवा मग सायकलच्या फ्रेमला कॅरियर बसवायला भोकेच नसतील. हे शेवटचे कारण सगळ्यात जास्त वेळा खरे असते आणि तिथूनच निवड सुरू होते.

आधी सायकल नीट बघा

सायकल उलटी करून किंवा स्टँडवर लावून मागच्या ॲक्सलच्या वर बघावे. फ्रेमला दोन्ही बाजूंना आटे पाडलेले एकेक भोक दिसते का? तसेच सीटच्या खाली, मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन पाईपांवर आणखी दोन भोके असतात का? ही चारही भोके असतील तर काम सोपे. त्यांत बहुतेक ५ मिलिमीटरचा, म्हणजे एम ५ मापाचा बोल्ट बसतो आणि तो ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने फिरतो.

वरची भोके नसली तरी हार मानायचे कारण नाही. सीटचा पाईप जिथे आवळला जातो तिथली कडी बदलून, कॅरियरसाठी दोन भोके असलेली कडी मिळते. खालची नसली तर आतून रबर असलेल्या छोट्या पट्ट्या, ज्यांना पी-क्लॅम्प म्हणतात, पाईपभोवती लावता येतात. मात्र पी-क्लॅम्पवर भार निम्म्याने कमी धरावा, कारण भारी सामानाने ते पाईपवरून खाली सरकतात. कार्बनच्या फ्रेमला ते लावूच नयेत.

मागे डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकचा कॅलिपर कुठे बसवलाय ते बघायला पाहिजे. पुष्कळ सायकलींना तो वरच्या पाईपाला असतो आणि साध्या कॅरियरचा पाय नेमका तिथेच येतो. डिस्कसाठीचा म्हणून विकला जाणारा कॅरियर एका बाजूने थोडा बाहेर काढलेला असतो. तो नसेल तर मध्ये जाड वॉशर किंवा नळीचा तुकडा घालून लांब बोल्ट लावावा लागतो. पण बोल्ट जितका लांब तितका तो वाकायची शक्यता जास्त, हे विसरायचे नाही.

आणि मागे सस्पेन्शन असेल, म्हणजे शाळकरी मुलांमध्ये ‘डबल शॉकर’ म्हणून चालणारी सायकल असेल, तर चार बोल्टचा कॅरियर जवळजवळ बाद. सीट एका भागावर आणि मागचे चाक दुसऱ्या भागावर असते, दोन्ही आपापल्या परीने हलतात, त्यांना एकाच लोखंडाने बांधले की काहीतरी तुटणारच. अशा सायकलीला सीटच्या पाईपाला लटकणारा कॅरियर हाच मार्ग उरतो. तोही चाक वर उचलले गेल्यावर त्याला घासणार नाही इतका वर बसवायला हवा.

सीटच्या पाईपाला लटकणारा कॅरियर

काढता-घालता येणारा म्हणून जो कॅरियर सगळ्यात जास्त विकला जातो तो हाच. एका टोकाला पकड, दुसरे टोक हवेत. रचना गॅलरीसारखी. सगळा भार एका पकडीवर येतो.

हे किती महत्त्वाचे आहे ते समजायला एक घरगुती प्रयोग पुरतो. पाच लिटरचा तेलाचा डबा अंगाजवळ धरून उभे राहावे आणि मग तोच डबा हात लांब करून धरावा. वजन बदलले नाही, पण खांदा लगेच तक्रार करतो. कॅरियरवर सामानाचा मध्य पकडीपासून साधारण ३० सेंटिमीटर मागे असतो. रस्ता सपाट असेल तोवर ठीक. रेल्वे गेटचे रूळ ओलांडताना किंवा पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यात चाक आपटल्यावर तेच सात किलो क्षणभर दुप्पट-तिप्पट होऊन पकडीला खाली ओढतात. रोजच्या जाण्या-येण्यात असे शेकडो धक्के बसतात. पकड एका दिवसात सुटत नाही, हळूहळू सैल होत जाते.

म्हणूनच नावाजलेल्या कंपन्या अशा कॅरियरवर साधारण ७ ते १० किलोच भार सांगतात. त्याच कंपन्यांच्या चार बोल्टच्या कॅरियरवर मात्र २५ किलो लिहिलेले असते. हा फरक जाहिरातीचा नाही, रचनेचा आहे. स्वस्तातल्या लटकत्या कॅरियरवर कुणी २५ किलो, कुणी ५० किलो छापतो. तो आकडा वाचून सोडून द्यावा. सायकलच्या कॅरियरची चाचणी कशी घ्यावी यासाठी आयएसओ ११२४३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. खोक्यावर किंवा कॅरियरवर त्याचा उल्लेख असेल तर छापलेल्या आकड्याला काहीतरी आधार आहे असे म्हणता येते. उल्लेख नसेल तर लटकत्या कॅरियरसाठी ५ किलो ही मर्यादा धरून चालावे.

५ किलो म्हणजे किती? घरच्या काट्यावर रोजची बॅग एकदा ठेवून बघावी, उत्तर मिळते. लॅपटॉप आणि चार्जर दोन-अडीच किलो, भरलेला डबा एक किलो, पाण्याची बाटली एक, रेनकोट आणि बदलायचा शर्ट मिळून एक, जाड साखळीचे कुलूप आणखी एक. साडेसहा किलो सहज होतात. यातली बाटली फ्रेमवरच्या पिंजऱ्यात आणि कुलूप फ्रेमला लावले की साडेचारवर येते. लटकता कॅरियर घ्यायचाच असेल तर ही वाटणी आधी करावी.

पकडीचे माप: इथेच गाडी अडते

ऑनलाइन घेतलेला कॅरियर परत पाठवायची वेळ येते ती बहुतेक वेळा मापामुळे. सीटच्या पाईपाची जाडी सगळ्या सायकलींची सारखी नसते. २५.४, २७.२, २८.६, ३०.९, ३१.६ मिलिमीटर ही नेहमी भेटणारी मापे. जुन्या काळ्या सायकलींचा पाईप याहून बारीक असतो. कॅरियरच्या पकडीला एक कमाल माप असते आणि त्याहून बारीक पाईपासाठी सोबत रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी येते.

माप घ्यायला व्हर्नियर कॅलिपर उत्तम. उद्यमबागच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्याच्या खिशात तो असतोच, त्यामुळे बेळगावकरांना या बाबतीत इतरांपेक्षा सोय जास्त. तो नसेल तर पाईपाभोवती दोरा एक वेढा गुंडाळून खूण करावी, दोऱ्याची लांबी पट्टीवर मोजावी आणि ३.१४ ने भागावे. वेढा ८५ मिलिमीटरच्या थोडा वर आला तर पाईप २७.२ चा, ९९ च्या थोडा वर आला तर ३१.६ चा. पाईप पूर्ण बाहेर काढला तर खालच्या टोकाजवळ माप बहुतेक कोरलेले असते. तिथेच ‘किमान आत राहायला हवे’ अशी एक रेघ असते. ती रेघ फ्रेमच्या बाहेर दिसत असेल तर कॅरियरचे राहू द्या, सायकल चालवणेच धोक्याचे आहे.

दुसरे माप लोक विसरतात, ते म्हणजे पाईप बाहेर किती दिसतो. उंच माणसाची सीट वर असते, दहा-पंधरा सेंटिमीटर पाईप उघडा असतो. कमी उंचीच्या माणसाची सीट खाली, त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरच पाईप दिसतो. त्यात पकड बसवली की कॅरियर आणि सीट यांच्यात बॅग ठेवायला जागाच उरत नाही, किंवा कॅरियरची खालची बाजू टायरला टेकते. पाच फूट किंवा त्याच्या आसपास उंची असलेल्यांनी आणि मोठ्या चाकांची, म्हणजे २९ इंची सायकल असणाऱ्यांनी हे मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. कॅरियर आणि टायर यांच्यात निदान चार बोटे अंतर राहायला हवे. मडगार्ड असेल तर ते मडगार्डपासून मोजावे.

सीटचा पाईप कार्बनचा असेल, आत स्प्रिंग असलेला असेल किंवा बटण दाबून खाली-वर होणारा असेल, तर हा कॅरियर लावायचा नाही. कार्बन पकडीखाली चिरडतो, आणि तडा बाहेरून दिसत नाही.

खटका की बोल्ट?

पकड आवळायला दोन पद्धती असतात. एक म्हणजे हाताने दाबायचा खटका, दुसरी म्हणजे ॲलन कीचे बोल्ट. खटका सोयीचा, यात शंका नाही. पण जो खटका मालकाला दोन सेकंदांत उघडता येतो तो दुसऱ्यालाही दोन सेकंदांतच उघडता येतो. बस स्टँड, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ अशा ठिकाणी सायकल लावणाऱ्याने एकतर कॅरियर सोबत उचलून न्यायची तयारी ठेवावी किंवा बोल्टवाला घ्यावा. कॅरियर काखेत घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहणे हे काही फार सोयीचे नाही.

बोल्टवाल्याची पकड जास्त भरवशाची असते, कारण दोन किंवा चार बोल्ट मिळून दाब सारखा वाटतात. काढायला तीन-चार मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदाच काढायचा असेल तर तेवढी मिनिटे काही जड नाहीत. रोज काढायचा असेल तरच खटक्याचा विचार करावा. आणि खटका घेतला तर तो बंद करताना तळहातावर वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे. सहज बंद झाला म्हणजे सैल आहे. मागचा छोटा नट अर्धा फेरा आवळून परत बघावे.

बसवताना पाईप कोरड्या फडक्याने आणि थोड्या स्पिरिटने पुसावा. पकडीच्या जागी ग्रीस किंवा तेलाचा हात लागलेला नसावा. बसवून झाल्यावर कॅरियरचे मागचे टोक धरून डावीकडे-उजवीकडे जोर लावून बघायचे. हातानेच फिरत असेल तर रस्त्यावर फिरणारच. पाईपावर आणि पकडीवर मिळून एक आडवी पेनाची खूण करून ठेवली, तर रोज सायकल काढताना नजर टाकली तरी कळते की कॅरियर सरकला का. पावसाळ्यात रबर ओले होऊन जास्त सरकते, तेव्हा ही खूण फार कामाची.

आणखी एक साधी युक्ती आहे. कॅरियरच्या मागच्या भागातून एक मजबूत पट्टा काढून तो सीटखालच्या लोखंडी रुळांना बांधायचा. पकड सुटली तरी कॅरियर चाकावर पडत नाही, पट्ट्याला लटकून राहतो. पन्नास-शंभर रुपयांचा पट्टा, पण चाक जाम होण्याचा धोका बराच कमी करतो.

बाजूला बॅग लटकवायची असेल तर

लटकत्या कॅरियरच्या वर सामान ठेवता येते, बाजूला लटकवता येईलच असे नाही. बाजूची बॅग आत झुकते आणि थेट मागच्या चाकाच्या तारांमध्ये जाते. काही कॅरियरना दोन्ही बाजूंनी खाली उतरणारी चौकट असते, ती बॅगेला चाकापासून दूर ठेवते. चौकट नसेल तर बाजूची बॅग लावायचीच नाही. हीच गोष्ट ओढणी, रेनकोटचे टोक, बॅगेचा सुटा पट्टा यांची. जुन्या लेडीज सायकलींना साडीगार्ड असायचा तो उगीच नव्हे.

चार बोल्टच्या कॅरियरला पाय असल्यामुळे बॅग आत जात नाही, पण तिथे टाचेचा प्रश्न येतो. पेडल मागे गेले की टाच बॅगेला लागते. दुकानात बॅग लावून, सायकल जागेवर ठेवून पेडल उलटे फिरवून बघावे. लागत असेल तर बॅग थोडी मागे सरकवता येईल इतका लांब कॅरियर हवा. पाय मोठे आणि सायकलची मागची बाजू आखूड असेल तर हा त्रास नक्की होतो.

चार बोल्टचा कॅरियरच सारखा काढायचा असेल तर

काही जण मधला मार्ग काढतात: मजबुतीसाठी चार बोल्टचा घ्यायचा आणि गरज पडेल तेव्हा काढायचा. मार्ग चांगला आहे, फक्त एक गोष्ट सांभाळायची. ॲल्युमिनियमच्या फ्रेममधले आटे नाजूक असतात. दर शनिवारी बोल्ट काढून दर सोमवारी परत घातला तर वर्षा-दोन वर्षांत आटे झिजतात आणि मग बोल्ट नुसता फिरत राहतो. कॅरियर शे-पाचशेच्या नुकसानीत जातो, फ्रेम मात्र एकदा गेली की गेली.

उपाय असा की बोल्ट आतल्या बाजूने फ्रेममध्ये कायमचा बसवायचा, त्याचे टोक बाहेर ठेवायचे आणि त्या टोकावर कॅरियरचा पाय ठेवून बाहेरून नट लावायचा. काढताना फक्त नट काढायचा, फ्रेमचे आटे हलत नाहीत. नायलॉनची कडी असलेला नट घेतला तर धक्क्यांनी सैल होत नाही. मात्र उजव्या बाजूला, जिथे गिअरची चक्रे असतात, तिथे बोल्टचे डोके साखळीला लागत नाही ना हे सगळ्यात छोट्या चक्रावर साखळी आणून, चाक फिरवून बघितलेच पाहिजे. लागत असेल तर उजवीकडे हा प्रकार करू नये.

विंग नट, म्हणजे हाताने फिरवायचा पंखवाला नट, सोयीचा वाटतो पण खड्ड्यांच्या रस्त्यावर तो स्वतःहून उघडतो. वरच्या दोन ठिकाणी एक वेळ चालेल, खालच्या दोन ठिकाणी नको. सगळा भार तिथे असतो.

इथेच बनवून घेतला तर?

बेळगावात हा विचार मनात येणारच. फाउंड्री आणि फॅब्रिकेशनचे गाव, कोपऱ्यावर वेल्डिंगचे दुकान. लोखंडी सळईचा कॅरियर हवा तसा वाकवून मिळतो, मोडला तर पुन्हा जोडताही येतो. ॲल्युमिनियमचा तुटला तर त्याला आर्गनचे वेल्डिंग लागते, ते सगळीकडे होत नाही आणि जोडलेली जागा पुन्हा तिथेच तुटण्याची भीती राहते.

फक्त सळई कुठली वापरायची ते आधी ठरवावे. १० मिलिमीटरची भरीव सळई मीटरला सहाशे ग्रॅमच्या थोडी वर भरते, ८ मिलिमीटरची सुमारे चारशे ग्रॅम. कॅरियरला अडीच-तीन मीटर सळई लागते. म्हणजे १० मिलिमीटरचा कॅरियर दीड ते पावणेदोन किलोचा आणि ८ मिलिमीटरचा एक-सव्वा किलोचा होतो. डबा-लॅपटॉपसाठी ८ मिलिमीटर भरपूर झाली. वेल्डरला सवयीने गेटची सळई वापरायची असते, त्याला थांबवावे. शेवटी पावडर कोटिंग करून घ्यावे, नुसत्या रंगाला पहिल्याच पावसाळ्यात जोडांजवळ गंज धरतो. सीटच्या पाईपाला लटकणारा प्रकार मात्र स्थानिक पातळीवर बनवू नये. वेल्डिंग केलेली पकड पाईपाला सगळीकडून सारखी बसत नाही. बनवायचा तर चार पायांवर उभा राहणाराच.

दिवा झाकला जातो

ही गोष्ट कॅरियर विकणारा सांगत नाही. मागचा लाल दिवा बहुतेकांनी सीटच्या पाईपाला लावलेला असतो. कॅरियर आला, त्यावर बॅग आली की दिवा पूर्ण झाकला जातो. सायंकाळी शिफ्ट सुटल्यावर, पावसात, अंधारात सायकल चालवणारा स्वतः समजत असतो की दिवा लागलाय, पण मागच्या वाहनाला काहीच दिसत नसते. कॅरियर घेताना मागच्या टोकाला दिवा किंवा रिफ्लेक्टर लावायची पट्टी आहे का हे बघावे. बहुतेक कॅरियरना असते. ती नसेल तर दिवा बॅगेच्या मागे किंवा हेल्मेटला हलवावा. सामान लादून झाल्यावर एकदा सायकलच्या मागे दहा पावले जाऊन बघितले की शंका मिटते.

डबलसीटला नाही

काळ्या सायकलीच्या कॅरियरवर मुलाला शाळेत सोडायची सवय आपल्याकडे जुनी आहे. तो कॅरियर जाड लोखंडाचा, थेट मागच्या ॲक्सलला नटाने आवळलेला असायचा. काढता येणाऱ्या लटकत्या कॅरियरवर मुलाला बसवायचे नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. चार बोल्टच्या कॅरियरवर २५ किलो लिहिलेले असले आणि मूल १८ किलोचे असले तरीही नाही. तो आकडा स्थिर बांधलेल्या सामानाचा आहे. मूल हलते, पाय आत घालते, आणि त्याचा पाय तारांमध्ये गेला तर टाचेला जी इजा होते ती भरायला महिने लागतात. मुलासाठी पाय ठेवायच्या जागेसह वेगळी सीट मिळते आणि ती कुठल्या कॅरियरवर चालते ते तिच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते.

बांधायचे कशाने

लटकत्या कॅरियरवर स्प्रिंगचा चाप असला तरी त्याचा दाब बेताचाच. सामान बांधायलाच लागते. हुकवाल्या रबरी दोऱ्या सगळीकडे मिळतात, पण ताणलेला हुक सुटून डोळ्याला लागण्याचे प्रकार होतात. तोंड बाजूला ठेवूनच त्या लावाव्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून घेतली तर ती जास्त चांगली धरते, फुकटात मिळते आणि तिला हुक नसतो. गाठ मारल्यावर उरलेले टोक खोचून टाकायचे, लोंबकळत ठेवले की ते गिअरमध्ये जाते.

लॅपटॉप कॅरियरवर आडवा ठेवू नये. प्रत्येक धक्का सरळ त्याच्या पाठीवर बसतो. बाजूच्या बॅगेत उभा, खाली टॉवेलची घडी घालून ठेवलेला बरा. डबा उभाच बसेल अशी सोय नसेल तर पातळ भाजी त्या दिवशी घरीच खावी.

बसवल्यानंतरचे पंधरा दिवस

नवा कॅरियर पहिल्या आठवड्यात बसकण घेतो. रबर दबते, रंगाचा थर चेपला जातो, बोल्ट थोडे ढिले होतात. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि मग महिन्यातून एकदा सगळे बोल्ट ॲलन कीने तपासावे. एम ५ बोल्ट बारीक असतो, जोर काढून आवळला तर तुटतो आणि तुटलेला तुकडा फ्रेममधून काढणे म्हणजे डोकेदुखी. ॲलन कीचे आखूड टोक हातात धरून लांब टोक बोल्टमध्ये घातले की जोर आपोआप बेताचा लागतो. कायम राहणाऱ्या बोल्टला निळा थ्रेडलॉकर, काढायच्या बोल्टला ग्रीसचा हलका हात, असे वाटून घ्यावे.

एक जादा एम ५ बोल्ट आणि ४ मिलिमीटरची ॲलन की नेहमी सीटखालच्या पाऊचमध्ये असू द्यावी. हार्डवेअरच्या दुकानात स्टेनलेस स्टीलचा तसा बोल्ट काही रुपयांत मिळतो, साधा गंजणारा घेऊ नये. जून ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला पकडीतली रबरी पट्टी काढून, पुसून, कोरडी करून परत घालावी. तिला चीर दिसली तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा तात्पुरता चालतो, आठवड्याभरासाठी, वर्षभरासाठी नव्हे.